छातीवर रेघोट्या असलेली ही चिमणी कोणती, आणि तिच्यात इतका फरक का दिसतो?

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलीत डिसेंबरमध्ये तुम्हाला छातीवर रेघोट्या असलेल्या तीन प्रकारच्या चिमण्या दिसल्या, एक गडद, एक फिकट आणि एक मोठ्या चोचीची, आणि या तीन वेगळ्या प्रजाती आहेत का, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या वर्णनावरून मला तरी त्या तिन्ही सॅव्हाना स्पॅरो या एकाच प्रजातीच्या वाटतात.

आधी प्रजाती पक्की करावी आणि रूपाचा, म्हणजे उपप्रजातीचा, विचार त्यानंतर करावा, कारण रंगापासून सुरुवात केली की हमखास गोंधळ होतो. सॅव्हाना स्पॅरोची शेपूट आखूड आणि टोकाला किंचित खाच असलेली असते, तर तिच्याशी सर्वाधिक गल्लत होणाऱ्या साँग स्पॅरोची शेपूट लांब व गोलसर असते. व्हेस्पर स्पॅरो उडताना शेपटीच्या कडेची पांढरी पिसे दिसतात; ती दिसली तर प्रश्न तिथेच मिटतो. डोळ्यापुढची पिवळी छटा ही सॅव्हानाची प्रसिद्ध खूण खरी, परंतु पिसे झिजल्यावर ती फिकी पडते आणि काही रूपांत ती मुळातच अस्पष्ट असते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नये.

गडद, ठळक रेघांची चिमणी बहुधा सॅव्हानाच्या ‘बेल्डिंग्ज’ या रूपाची असावी. हे रूप वर्षभर किनाऱ्यावरील दलदलीतच राहते, पिकलवीड या खाऱ्या दलदलीतील वनस्पतीच्या झुडपांत घरटे करते, आणि कॅलिफोर्निया राज्याने 1974 साली त्याला संकटग्रस्त घोषित केले. म्हणूनच वीण काळात तिथे दिसलेली सॅव्हाना जवळजवळ निःशंकपणे बेल्डिंग्ज म्हणता येते. हिवाळ्यात मात्र अंतर्भागातून फिकट रंगाचे स्थलांतरित पक्षी येऊन मिसळतात, आणि तुमची दुसरी चिमणी त्यांपैकीच असावी.

तिसरी मला सर्वांत मोलाची वाटते. जाड, लांब चोच, पुसट तांबूस-तपकिरी रेघा आणि जवळजवळ पट्टेविरहित माथा ही सॅव्हानाच्या ‘लार्ज-बिल्ड’ (मोठ्या चोचीच्या) रूपाची लक्षणे आहेत. हे रूप कोलोरॅडो नदीच्या मुखाशी, कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला वीण करते आणि वीण आटोपल्यावर त्यातील काही पक्षी सॉल्टन सरोवराकडे व किनाऱ्याकडे येतात. धरणांनी नदीचे पाणी अडवल्यामुळे तिच्या मुखाजवळचा प्रदेश फार बदलला आहे, म्हणून अशा प्रत्येक पक्ष्याची नोंद जागा व तारखेसह जपून ठेवावी. काही अभ्यासक या रूपाला स्वतंत्र प्रजाती मानतात, आणि त्याची चोच पाहता ते मत मला पटण्यासारखे वाटते.

सॅव्हानाच्याच मोठ्या, फिकट ‘इप्सविच’ रूपाचा विचार इथे करण्याचे कारण नाही, कारण ते नोव्हा स्कोशियाजवळच्या सेबल बेटावर वीण करते आणि हिवाळ्यात अटलांटिक किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांवर असते. पश्चिमेकडील फिकट स्थलांतरित पक्ष्यांचे रूप छायाचित्रावरून ठरवण्याचा आग्रह मी धरणार नाही. त्यांची नोंद फक्त ‘सॅव्हाना स्पॅरो’ अशी करणे अधिक प्रामाणिक आहे. मोठ्या चोचीच्या पक्ष्याचे मात्र बाजूने घेतलेले, चोच व माथा स्पष्ट दिसणारे छायाचित्र असेल तर ते अवश्य जोडा.