काटा वर, ऑइल खाली
वाचकांचे प्रश्न : जुनी डिझेल पिकअप

प्रश्न : माझी पिकअप २००९ ची. आठवड्यातून चार दिवस बेळगावहून भाजी भरून चोर्ल्यातून गोव्याला जातो. जाताना भरलेली गाडी काही कुरकुर करत नाही. येताना रिकामी असते, तरी घाट चढताना टेम्परेचरचा काटा लालात जातो. कणकुंबी ओलांडून सपाटी लागली की खाली येतो. मेस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, दोन दिवस बरं गेलं, आता पुन्हा तेच. रेडिएटर नवा टाका म्हणतात. टाकू का?
– वाचक, जांबोटी

उत्तर : इतक्यात नको. अर्धं निदान तुमच्या पत्रातच आहे. जाताना ओझं असतं, पण मोठा घाट उतरायचा असतो, इंजिनाला फारसं काम पडत नाही. येताना ओझं नसतं, पण सेकंड-थर्डमध्ये सलग चढ असतो. इंजिन जोरात फिरतं आणि गाडी हळू म्हणून समोरून वारा मिळत नाही. म्हणजे तयार होणारी उष्णता बाहेर टाकायला गाडी कमी पडते आहे. ती कुठं कमी पडते ते शोधायचं, आणि स्वस्त वस्तूपासून सुरुवात करायची.

पहिली वस्तू रेडिएटरचं झाकण. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथं साधं पाणी ९७-९८ अंशांनाच उकळतं. चांगलं झाकण सिस्टीममध्ये साधारण ०.९ बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच पाणी ११७ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कूलंट निम्मं-निम्मं मिसळलं असेल तर आणखी सातआठ अंश मिळतात. इंजिन नेहमी ८५ ते ९५ मध्ये चालतं. झाकणाची स्प्रिंग मेली की राखीव वीस अंशांचे दोन-तीनच उरतात, आणि घाटात ते कधी संपले ते कळतही नाही. गार इंजिनावर झाकण काढा. रबर कडक झालंय का, चिरलंय का, मधला छोटा व्हॉल्व्ह बोटानं ओढल्यावर परत बसतो का, ते बघा. शंका आली तर नवं घ्या, पण जुन्यावर छापलेला दाबाचा आकडा जुळवूनच.

दुसरं, रेडिएटरचं तोंड. मागून टॉर्च लावा आणि समोरून बघा. उजेड आरपार दिसला पाहिजे. आपल्याकडे जांबोटी-खानापूरची तांबडी धूळ असते, हंगामात उसाचं पाचट उडतं, निपाणीकडं तंबाखूची भुकटी. त्यात इंजिनातून गळणारं ऑइल मिसळलं की जाळीवर घोंगडीसारखा थर बसतो. पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला, म्हणजे कचरा आला त्याच वाटेनं परत जातो. थर तेलकट असेल तर आधी भांडी घासायच्या साबणाचं पाणी मारून दहा मिनिटं भिजू द्या. सर्व्हिसिंगवाल्याचं प्रेशर जवळून मारू देऊ नका. पात्या आडव्या होतात आणि धुवायला गेलेला रेडिएटर बंद होऊन परत येतो.

तिसरं, फॅन. बेल्ट दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्यानं दाबला की साधारण १० ते १२ मिमी दबावा. फॅन व्हिस्कस (मध्ये तेलावर चालणारा छोटा क्लच असलेला) असेल तर गाडी नीट तापवून इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि पातं हातानं फिरवा. अडखळत, जड फिरलं तर ठीक. चक्रीसारखं दोन-तीन फेऱ्या सुटं फिरलं तर फॅनचा क्लच गेला. त्याच्या मधल्या भागावर तेलाचे ओघळ असतील तर वेगळा पुरावा नको.

एवढं झाल्यावर रेडिएटरच्या आतल्या भागाकडे या. टेम्परेचर गननं वरची टाकी, खालची टाकी आणि मधली जाळी चार-पाच ठिकाणी मोजा. वरून खाली अंश हळूहळू उतरत गेले पाहिजेत. मध्येच एखादा पट्टा गार लागला तर तिथल्या नळ्या क्षारानं बुजल्या आहेत. वरचा पाइप चटका देतोय आणि खालचा गारच आहे, तर थर्मोस्टॅट उघडत नाही, पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर बुजला आहे. रेडिएटर पितळी असेल तर टाक्या उघडून नळ्यांत रॉड मारून साफ करून घेता येतो, नवा लागत नाही. ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी असेल तर ते करवून घेऊ नका, नळ्या फाटतात.

आता थर्मोस्टॅट. तो काढून टाकायची सवय आपल्या भागात फार आहे, आणि ती चुकीची आहे. पुष्कळ इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. काढला की ती वाट कायम उघडी राहते, आणि गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला शिवतसुद्धा नाही. घाटात असं इंजिन जास्त तापू शकतं. थंडीच्या सकाळी ते नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, ऑइलमध्ये गाळ धरतो. नवा बसवण्याआधी घरी तपासा : पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. बुडाला टेकू देऊ नका. अंगावर ८२ कोरलेलं असेल तर ८२ च्या जवळपास फट दिसायला लागते, आणि पाणी उकळायला येईपर्यंत तो जवळजवळ पूर्ण उघडतो. उकळूनही मिटलेलाच राहिला तर फेकून द्या.

बसवल्यावर हवा काढायला विसरू नका. गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटर असेल तर पूर्ण गरमवर ठेवा, गार इंजिनावरच झाकण काढून इंजिन चालू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट घालत राहा. बोअरचं पाणी नको. त्यातला क्षार नळ्यांत बसतो. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरा.

इतकं करूनही घाटात काटा चढलाच, तर खाली चिकोडीच्या वाचकाला दिलेलं उत्तर वाचा.

प्रश्न : पिकअप रात्री उभी केली की सकाळी खाली रुपयाएवढे चार-पाच डाग असतात. महिन्याला लिटरभर ऑइल वरून घालतो. क्रँकचं मागचं सील (इंजिनाच्या मागच्या टोकाला ऑइल अडवणारं रबर) गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असं सांगितलं. खरंच लागेल?
– वाचक, निपाणी

उत्तर : डाग क्लचच्या घंटेखाली (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या आवरणाखाली) पडतो म्हणून सील गेलं, हा अंदाज झाला. ऑइल वरून खाली येतं, आणि गाडी चालताना वाऱ्यानं मागं सरकतं. सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची ओली जागा सापडेपर्यंत गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

एक पांढरा पुठ्ठा रात्री गाडीखाली सरकवा आणि सकाळी डाग वास घेऊन बघा. डिझेल इंजिनचं ऑइल काळं असतं. गिअर ऑइल मधासारखं किंवा तपकिरी, जाडसर, आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. काही गाड्यांत तपासणी इथंच संपते.

काळंच असेल तर इंजिन धुऊन कोरडं करा. अल्टरनेटर आणि वायरिंग प्लॅस्टिकनं झाका. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर उडवा आणि तवंदी घाट चढून-उतरून या. परत आल्यावर पावडर जिथं सगळ्यात वर काळी झाली ती तुमची जागा. क्रमानं बघायच्या जागा : टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं) पॅकिंग, अल्टरनेटरच्या मागचा वॅक्यूम पंप आणि त्याचे ऑइलचे दोन पाइप, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरचं बूड, टर्बो असेल तर त्याचा परतीचा पाइप, आणि शेवटी चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी. वॅक्यूम पंपाकडे लोकांचं लक्ष जात नाही. तिथून गळालेलं ऑइल इंजिनाच्या अंगावरून वाहत थेट मागं पोचतं आणि सील बदनाम होतं.

फिल्टरच्या बुडाशी ओलं असेल तर जुन्या फिल्टरचं रबर तिथंच चिकटून राहिलं आणि वर नवं बसलं, असं झालं का ते बघा. चेंबरच्या नटाला तांब्याचा वॉशर असतो. दर वेळी नवा घालावा, मिळतो तो दहा-वीस रुपयांत. नट पाना लांबवून आवळू नका, आटे गेले की खरा खर्च सुरू होतो. टॅपेट कव्हरचंही तेच : जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि आणखी गळतं. त्यावर लाल सिलिकॉनचा थापा मारून घेऊ नका. बाहेर जेवढा फुगतो तेवढाच आतही फुगतो. त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर इंजिन कोरडं पडतं.

आणि सगळ्याच्या आधी बघायचं ते ब्रीदर, म्हणजे इंजिनात कोंडलेला धूर बाहेर सोडणारी वाट. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच वर ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडत असेल आणि धूर भकाभका येत असेल, तर ब्रीदरचा पाइप सोडून स्वच्छ करून पुन्हा बघा. फरक पडला तर पाइपच बुजला होता आणि आतला दाब सीलांतून ऑइल ढकलत होता. धूर तसाच राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. अशा इंजिनाला पाच हजार घालून नवं सील बसवलं तरी काही महिन्यांत तेही गळेल.

मागच्या सीलवर ठपका ठेवायचा तो इंजिन वरपासून कोरडं आहे, घंटेच्या खालच्या भोकातूनच काळं ऑइल येतंय आणि झाकण शांत आहे, तेव्हा. चढावर क्लच घसरत असेल तर मग उशीर नको. गिअरबॉक्स उतरेल तेव्हा क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही बघून घ्या, मजुरी एकदाच लागते.

प्रश्न : रोज सकाळी रेडिएटरमध्ये अर्धा लिटर पाणी घालावं लागतं. खाली थेंबही नाही. गाडी पाणी खाते ते जातं कुठं?
– वाचक, चिकोडी

उत्तर : आधी वॉटर पंपाखालचं बारीक भोक, पाइपांचे क्लिप आणि केबिनमध्ये पायाखाली हीटरची बाजू बघा. गरम इंजिनावर पडलेलं पाणी वाळून जातं, मागं पांढरट-हिरवट डाग उरतो.

तिथं काही नसेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. गार गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप दाबून बघा. पाणी अजून गार असताना पाइप दगडासारखा झाला तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. झाकण काढून गार इंजिन चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नसतील तर तेच. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी चेंबरमध्ये गेलंय, अशी गाडी चालवू नका, टो करून न्या. मात्र नुसत्या ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा फेस असेल तर घाबरू नका. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांत तो येतो.

हेड उतरलं तर नुसतं गॅस्केट बदलून बसवू देऊ नका. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघायला सांगा. पुष्कळ इंजिनांत ०.१ मिमीच्या पुढं वाकलेलं चालत नाही, नेमकी मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये असते. तडा शोधायला प्रेशर टेस्ट करून घ्या. बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला ही कामं करणाऱ्या मशीन शॉपांची वाण नाही. डिझेलच्या गॅस्केटवर काठाला खाचा किंवा भोकं असतात, ती जाडीची खूण आहे. जुन्यावरच्या मोजून नवं घ्या. बोल्ट टॉर्क पान्यानंच, मधून कडेला जात, टप्प्याटप्प्यानं.

प्रश्न : गळती थांबवायला जाड २०डब्ल्यू-५० ऑइल घातलं तर? आणि रेडिएटरला हळद?
– वाचक, खानापूर

उत्तर : जाड ऑइलनं थेंब थोडे कमी होतील, पण सकाळी सुरू होताना ते वर पोचायला वेळ लागतो आणि झीज वाढते. कंपनीनं १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर तेच ठेवा. ऑइल मोजायच्या काडीवर वरच्या खुणेच्या पुढं भरू नका, जास्त भरलेलं ऑइलही सीलांतून बाहेर येतं. हळद फटीत बसते तशीच बारीक नळ्यांतही बसते. रस्त्यात अडकलात तर घरापर्यंत पोचायला ठीक, घरी आल्यावर सगळं धुऊन काढा.

प्रश्न : घाटात काटा लालात गेला तर जागच्या जागी काय करायचं?
– वाचक, बेळगाव

उत्तर : एसी असेल तर बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि जागा बघून बाजूला घ्या. वाफ येत नसेल आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद करू नका. दोन मिनिटं रिकामं चालू द्या, फॅन आणि पंप काम करत राहतात. वाफ आली किंवा पाणी सांडलं असेल तर ताबडतोब बंद. चाकामागं दगड लावा. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात नाही, ओलं फडकं गुंडाळूनही नाही. वरचा पाइप हातात धरवला आणि दाबल्यावर मऊ लागला की झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवून उरलेली वाफ जाऊ द्या. मग इंजिन चालू करून पाणी बारीक धारेनं घाला. तापलेल्या हेडवर गार पाण्याची बादली ओतली की तडा जातो. पाच लिटरचा कॅन सीटमागं कायम भरलेला ठेवा.