जुने ब्रिटिश गायक ऐकायचेत? जॉर्ज फॉर्म्बीपासून सुरू कर

हे बघ, एकदम वीस जणांची प्लेलिस्ट लावून बसू नकोस, सगळे आवाज सारखेच वाटायला लागतात. आधी फक्त जॉर्ज फॉर्म्बी घे, जन्म १९०४, उत्तर इंग्लंडमधल्या विगन गावचा. हातात चार तारांचं बॅन्जोलेले, म्हणजे युकुलेलेची मान आणि बॅन्जोचं पोट, आणि चेहऱ्यावर ते भाबडं हसू. शब्द कळले नाहीत तरी चालेल, लँकेशरचा, म्हणजे त्याच भागातला, हेल आहे, तू गाण्याच्या मधला सोलो ऐक, उजव्या हाताचा तो उड्या मारणारा ठेका, स्प्लिट स्ट्रोक म्हणतात त्याला, मी अजूनही तो तुकडा तीन-तीनदा मागे घेऊन ऐकतो. मग ग्रेसी फील्ड्स, रॉचडेलची. एका गाण्यात हसवते आणि पुढच्यात रडवते, खरंच. व्हेरा लिन मात्र रात्री शांतपणे ऐक, १९४४ मध्ये ती सैनिकांसाठी गायला थेट बर्माच्या आघाडीवर गेली होती, आणि २००९ मध्ये वयाच्या ९२ व्या वर्षी तिचा अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबरला आला! आणि हो, जुन्या ७८ आरपीएम (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डची खरखर पार पुसून टाकलेल्या कॉप्या शक्यतो टाळ, त्यात आवाजातला जीवच जातो.