आजच्या पिढीत कोणी ब्लूज गाऊन-वाजवून खरंच मोठं झालंय का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या या ब्लूज संगीतातली बी. बी. किंग आणि मडी वॉटर्स ही नावं ऐकून आहात, पण हे सगळं आजोबांच्या काळातलं वाटतं. आज पंचविशीतला कोणी यावर पोट भरतो का?

भरतो, आणि चांगलं भरतो. क्रिस्टोन इंग्रॅम ऐका. सगळे त्याला ‘किंगफिश’ म्हणतात. जन्म जानेवारी १९९९चा, गाव अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं क्लार्क्सडेल. गाव लहान, वस्ती १५ हजारांच्या आसपास, भोवती कापसाची शेती. पण ब्लूजवाल्यांसाठी हे तीर्थक्षेत्रच. मडी वॉटर्स याच गावाजवळच्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर वाढला आणि १९४३ मध्ये शिकागोला निघून गेला. जुन्या काळचा ब्लूज गिटारवादक रॉबर्ट जॉन्सन याने गिटारवर हात बसावा म्हणून सैतानाला आत्मा विकला, ती दंतकथाही लोक इथल्याच ६१ आणि ४९ नंबरच्या हायवेंच्या चौकाशी जोडतात. (दंतकथाच आहे ती. पर्यटनाला मात्र फार उपयोगी पडते.)

किंगफिशबद्दल वाचायला गेलात तर ‘दैवी देणगी’ हे शब्द सारखे भेटतील. मला ते अर्धवट वाटतात. हात आहेच त्याचा, वाद नाही. पण त्याचं करिअर उभं राहिलं ते शिकवणाऱ्यांमुळे. क्लार्क्सडेलमध्ये डेल्टा ब्लूज म्युझियम आहे, आणि तिथे गावातल्या मुलांना वाद्यं शिकवण्याचा वर्ग चालतो. म्युझियममध्ये मडी वॉटर्सची लाकडी खोली जपून ठेवलीय, आणि त्याच संस्थेत पोरं ड्रम बडवताहेत! किंगफिश लहानपणी तिथे गेला. आधी ड्रम, मग बेस, आणि अकराव्या वर्षाच्या आसपास गिटार. शिकवणारे दोघे, बिल ‘हाउल-एन-मॅड’ पेरी आणि रिचर्ड ‘डॅडी रिच’ क्रिसमन, स्वतः स्टेजवर वाजवणारे होते. ‘किंगफिश’ हे नावही पेरींनीच ठेवलं, एका जुन्या विनोदी मालिकेतल्या पात्रावरून. स्वर-ताल शिकवून हे लोक थांबले नाहीत, मुलांना लोकांसमोर उभं केलं. बारा-तेरा वर्षांचा मुलगा गावातल्या क्लबात मोठ्यांच्या बँडसोबत वाजवतोय, हे तिथे कुणाला नवल वाटत नाही. २०१४ मध्ये याच वर्गातल्या मुलांसोबत तो व्हाइट हाउसमध्ये मिशेल ओबामांसमोर वाजवून आला.

दुसरा आधार आईचा. प्रिन्सेस प्राइड हे तिचं नाव. कंट्री संगीतातला मोठा गायक चार्ली प्राइड तिच्या नात्यातला. घरात चर्चचं गाणं होतंच. वर्गातली बाकीची मुलं हिपहॉप ऐकत असताना हा पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गाणी घेऊन बसायचा, आणि आई त्याच्या मागे ठाम उभी राहिली.

पहिला अल्बम आला मे २०१९ मध्ये, नाव नुसतं ‘किंगफिश’. तेव्हा तो वीस वर्षांचा. म्हणजे त्याआधी बरीच वर्षं नुसते कार्यक्रम! इंटरनेटवर त्याचे शाळकरी वयातले व्हिडिओ फिरत होते, घाईने रेकॉर्ड काढणं सोपं होतं. हा उशीर मला त्याच्या करिअरमधली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. कारण शाळकरी वयात बोटं पळतात, गळा मात्र तयार व्हायचा असतो, आणि ब्लूजमध्ये गळ्याशिवाय भागत नाही. अल्बम काढला शिकागोच्या ॲलिगेटर रेकॉर्ड्सने. ही कंपनी ब्रूस इग्लॉअरने १९७१ मध्ये हाउंड डॉग टेलर या एका कलाकाराचं रेकॉर्डिंग करता यावं म्हणून सुरू केली होती आणि ती ब्लूजलाच धरून राहिली. निर्माता टॉम हॅम्ब्रिज, जो ब्लूजमधला ज्येष्ठ गिटारवादक-गायक बडी गाय याचे अल्बम करतो. बडी गाय स्वतः एका गाण्यात सोबत आहे. त्या वर्षी बडी गायच्या दौऱ्यात किंगफिश आधी वाजवायचा, आणि ‘व्हॅम्पायर वीकेंड’सारख्या रॉक बँडच्या कार्यक्रमांतही. त्यामुळे ब्लूज कधी न ऐकलेली तरुण पोरंही समोर आली.

अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं, पण त्याच डिसेंबरमध्ये आई गेली. पुढच्या मार्चपासून कोरोनाने दौरे बंद. त्या बंद काळात त्याने दुसऱ्या अल्बमची गाणी लिहिली. ‘६६२’ हे त्याचं नाव, उत्तर मिसिसिपीचा टेलिफोन कोड. त्यातलं ‘रॉक अँड रोल’ आईसाठी आहे. २०२२ मध्ये या अल्बमला समकालीन ब्लूजचं ग्रॅमी मिळालं, त्याच वर्षी फेंडर कंपनीने त्याच्या नावाची जांभळी टेलिकास्टर गिटार बाजारात आणली.

आता पोटाचं. या क्षेत्रात घर चालतं ते मुख्यतः कार्यक्रमांवर. वर्षातले कित्येक महिने गाडीत जातात. ग्रॅमी मिळालं तरी ते सुटत नाही. आणि क्लार्क्सडेलच्या त्या वर्गातून दरवर्षी एक किंगफिश निघत नाही, हेही लक्षात ठेवा. बरेचसे आपापल्या गावात वीकेंडला वाजवतात.

आपल्याकडेही मुंबईत २०११ पासून बांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल झाला, पहिल्याच वर्षी बडी गाय येऊन गेला. तेव्हा श्रोता इथेही आहे.

ऐकायला सुरुवात करताना वेगवान गाणी बाजूला ठेवा. गिटारचे सोलो लांब असतात, कधीकधी मला जरा जास्तच लांब वाटतात. आधी ‘फ्रेश आउट’ लावा, बडी गायसोबतचं. संथ आहे. तार ओढून स्वर वर नेताना तो मध्ये जे रेंगाळतो, ते शास्त्रीय ऐकणाऱ्या कानाला मींडेसारखं लगेच कळेल. मग ‘बीन हिअर बिफोर’. त्यात गिटार मागे आणि आवाज पुढे. ही दोन आवडली तर २०२३चा ‘लाइव्ह इन लंडन’ सलग ऐका. नाही आवडली तर मडी वॉटर्सकडे परत जा, त्यातही काही तोटा नाही.