जपानमधलं त्सुबामे हे छोटं शहर चमच्यांसाठी एवढं प्रसिद्ध कसं झालं?

स्टेनलेस स्टीलच्या धंद्यात असल्यामुळे त्सुबामेचं नाव माझ्या कानावर सतत येतं. लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास, आणि जपानमध्ये बनणाऱ्या धातूच्या काट्या-चमच्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त माल इथला. 'पिढ्यानपिढ्यांची परंपरा' हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. कारण या गावाचा धंदा दर दोन-तीन पिढ्यांनी बुडालेला आहे.

त्सुबामे निइगाता प्रांतात, शिनानो नदीकाठच्या सखल भागात आहे. नदी वारंवार शेतं बुडवायची. म्हणून १७व्या शतकात शेतकरी जोडधंदा म्हणून लोखंडी खिळे ठोकू लागले. लाकडी घरांच्या आणि सतत आगी लागणाऱ्या एदोत (आजच्या टोकियोत) खिळ्यांना मरण नव्हतं. पुढे जवळच्या याहिको डोंगराच्या बाजूला तांबं निघालं आणि तांब्याची भांडी, तंबाखू ओढायच्या किसेरू नावाच्या नळ्या, कानशी असली कामं सुरू झाली. एकाच पत्र्याला ठोकून ठोकून, कुठेही जोड न देता किटली घडवणारं ग्योकुसेन्दो हे घराणं १८१६ पासूनचं. ते आजही चालू आहे.

मेइजी काळात (१८६८-१९१२) परदेशी यंत्रावरचे खिळे आले आणि हातखिळे संपले. सिगारेटींनी किसेरू संपवल्या. अॅल्युमिनियम आल्यावर तांब्याच्या भांड्यांनाही उतरती कळा लागली. गाव तिथेच संपायचं, पण १९११च्या सुमाराला टोकियोच्या एका दुकानाने पाश्चात्त्य पद्धतीचे काटे-चमचे बनवून मागितले. लगेच पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपातले कारखाने शस्त्रांच्या मागे लागले आणि परदेशी मागणी इकडे वळली. किसेरू घडवणाऱ्या हातांना चमचा काय अवघड?

दुसऱ्या महायुद्धानंतर निर्यात इतकी वाढली की अमेरिकेने १९५९ मध्ये जपानी स्टेनलेस काट्या-चमच्यांवर कोटा लावला. १९८५ नंतर येन महागला, मग चिनी माल आला. प्रत्येक वेळी काही कारखाने बंद पडले, बाकीचे पातेली, बिअरचे मग, यंत्रांचे सुटे भाग याकडे वळले.

वळता आलं याचं कारण मला कामाच्या वाटणीत दिसतं. प्रेस एकाकडे, डाय (साचे) दुसऱ्याकडे, बफिंग (फिरत्या चाकावर घासून पॉलिश करणं) तिसऱ्याकडे. बहुतेक कारखाने घरगुती, चार-पाच माणसांचे. माल बदलला तरी पॉलिशवाल्याचं कौशल्य वाया जात नाही. पहिल्या आयपॉडची ती आरशासारखी पाठ आठवते? ती इथल्याच छोट्या कारखान्यांत घासली जायची. नंतर ते काम चीनला गेलं. १९९१ पासून नोबेल मेजवानीत वापरले जाणारे काटे-चमचेही त्सुबामेच्या यामाझाकी किन्झोकु या कंपनीने बनवले आहेत.

आज खरी अडचण माणसांची आहे. बफिंग म्हणजे धूळ, आवाज आणि दिवसभर वाकलेली पाठ. पोरं या कामाला येत नाहीत, ही तक्रार आपल्याकडच्या वर्कशॉपमध्येही रोजची. त्सुबामे पालिकेने २००७ मध्ये पॉलिशिंग शिकवायला स्वतःचं केंद्रच काढलं. या सगळ्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट हीच.

शेजारचं सान्जो शहर सुऱ्या, हत्यारांसाठी प्रसिद्ध, आणि दोघांची जुनी चुरस. बुलेट ट्रेनच्या स्टेशनचं नाव त्सुबामे-सान्जो, तर एक्स्प्रेसवेच्या फाट्याचं नाव सान्जो-त्सुबामे. त्यातही गंमत म्हणजे दोन्ही शहरांच्या सीमेवरच्या स्टेशनचा पत्ता सान्जोचा आणि फाट्याचा त्सुबामेचा!

जायचंच असेल तर ऑक्टोबरात जा. तेव्हा दोन्हीकडचे कारखाने लोकांना आत येऊन काम बघू देतात. डुकराचं मांस चालत असेल तर तिथलं रामेनही (रश्शातल्या नूडल्स) खाऊन बघा. ओव्हरटाइम करणाऱ्या कामगारांना कारखान्यात पोहोचवताना रस्सा गार होऊ नये म्हणून वर चरबीचा थर आणि फुगून लगदा होऊ नये म्हणून जाड नूडल्स, अशी त्याची रीत पडली.