वाचकांचे प्रश्न: मक्याचा व्हिगन ब्रेड, वर द्राक्षं घालू की कांदा?

मागच्या अंकात मक्याच्या पिठाच्या कॉर्नब्रेडबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, अंडं, दूध, लोणी काहीच न घालता करायचा तो, आणि नाशिककरांनी करून बघा नि कळवा असं म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांची तक्रार दोनपैकी एक, एकतर ब्रेडचा भुगा होतो नाहीतर तळाशी गचका राहतो. दोन्हीच्या मुळाशी पाणीच आहे, ते कुठून येतंय आणि कोण शोषतंय हे कळलं की निम्मं काम झालं, म्हणून या वेळी सगळी उत्तरं त्याच अंगाने देतेय.

प्रश्न: ताई, पहिल्यांदा मी घरात होतं ते पांढरं कॉर्नफ्लोअर वापरलं, तर चिवट वडी झाली. मग मक्याचं पीठ आणलं तर कापताना सगळा चुरा. अंडं नाही म्हणून होतं का असं? नीट प्रमाण द्या ना.
– एक वाचक, सिडको

उत्तर: पांढरं कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च, मंच्युरियनला घट्टपणा आणायला वापरतो ते, त्याचा ब्रेड होणारच नाही. आपल्याला पिवळ्या मक्याचं पीठ हवं आणि तेही थोडं रवाळ. दुकानातलं मक्याचं पीठ बऱ्याचदा अगदी बारीक असतं, त्यामुळे जमलं तर मका आणून गिरणीतून जाडसर दळून घ्या. फक्त मका खाण्यासाठीचा, निवडलेला घ्या, आपल्याकडे बाजारात येणारा पिवळा मका बराचसा कोंबड्यांच्या खाद्याला जातो, त्यात बुरशी लागलेले दाणे असू शकतात. आणि एकदम जास्त दळून ठेवू नका, मक्याच्या अंकुरात तेल असतं, उन्हाळ्यात पीठ लवकर खवट होतं, फ्रीजमध्ये ठेवा.

आता भुग्याचं. मक्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणजे धरून ठेवणारं काही नाही, म्हणून निम्मं गव्हाचं पीठ लागतंच. अंड्याचं काम जवस करतं, एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की चिकट बुळबुळीत होते, ती एका अंड्याच्या जागी. पण तुमच्या चुऱ्याचं खरं कारण बहुतेक वेगळं आहे, मक्याचं पीठ भिजायला वेळ घेतं. लगेच भाजायला टाकलं तर ते ओव्हनमध्ये बसून आजूबाजूचं पाणी ओढत राहतं आणि ब्रेड कोरडा पडतो. आधी भिजवा.

प्रमाण असं, २४० मिलीचा कप धरून. सव्वा कप सोया दुधात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घाला, पाच मिनिटांत ते फाटल्यासारखं होईल, तेच आपलं ताक. त्यात एक कप मक्याचं पीठ कालवून वीस मिनिटं झाकून ठेवा. मग भिजलेलं जवस, पाव कपाहून थोडं जास्त शेंगदाणा तेल आणि तीन मोठे चमचे बारीक चिरलेला गूळ घालून गूळ विरघळेपर्यंत ढवळा. दुसऱ्या भांड्यात एक कप मैदा किंवा अर्धा मैदा अर्धी कणीक, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, पाऊण छोटा चमचा मीठ चाळून घ्या. कणीक घेतली तर दूध दोन-तीन चमचे जास्त लागेल, ती पाणी जास्त पिते. दोन्ही एकत्र करून नुसतं मिसळेपर्यंत हलवा, फेटत बसू नका, आणि लगेच टिनमध्ये ओता, कारण सोडा आणि आंबट एकत्र आले की गॅस तयार व्हायला लागतो, तो भांड्यातच निघून गेला तर ब्रेड फुलणार कशाने. पीठ पळीवाढं पण जाडसर हवं. आठ इंची टिन, आधीच तापवलेला ओव्हन, २०० डिग्री, पंचवीस ते तीस मिनिटं.

आणि बाहेर काढल्या काढल्या कापू नका! पंधरा-वीस मिनिटं थांबा, गार होताना आतला स्टार्च बसतो. गरम कापला की चुरा होणारच, कितीही चांगलं प्रमाण असलं तरी.

प्रश्न: आमची द्राक्षबाग आहे, सीझनला घरात द्राक्षंच द्राक्षं असतात. ब्रेडमध्ये घातली तर सगळी तळाशी बसली आणि तिथे ओला गोळा राहिला. काळी घातली तर आजूबाजूचं पीठ हिरवट-निळसर दिसायला लागलं, मुलांनी हात लावला नाही. काय करू?
– निफाडहून एक ताई

उत्तर: द्राक्षात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं हो, ते भाजताना बाहेर येणार आणि जाणार कुठे, पिठातच. म्हणून कच्ची द्राक्षं पिठात कालवायचीच नाहीत. आधी त्यांचं पाणी कमी करा. द्राक्षं धुवून फडक्यावर पूर्ण कोरडी करा, उभी अर्धी कापा, कापलेली बाजू वर ठेवून ट्रेमध्ये पसरा, चिमूटभर मीठ आणि थोडं तेल, २०० डिग्रीला पंधरा-वीस मिनिटं. कडा सुरकुततात, तळाशी जरासा पाक दिसायला लागतो आणि वास असा सुटतो की शेजारचे विचारायला येतील. थॉमसन, सोनाका कुठलंही चालतं. गार झाली की वरून पीठ भुरभुरवा आणि टिनमधल्या पिठावर नुसती ठेवा, दाबू नका. ट्रेमधला पाक फेकू नका, ब्रेड बाहेर आल्यावर वरून ब्रशने लावा.

काळ्या द्राक्षाच्या सालीतला रंग आंबटात लालसर राहतो आणि सोड्याच्या संगतीत निळा-हिरवा होतो. म्हणजे तुमचा सोडा जास्त झाला होता किंवा आंबट कमी पडलं होतं. खायला काही अपाय नाही, पण मुलांचंही बरोबर आहे, दिसायला बरं दिसत नाही. सोडा पाव चमचा करा, बेकिंग पावडर अर्धा चमचा वाढवा, लिंबू पूर्ण पिळा. जांभूळ किंवा स्ट्रॉबेरी घातली तरी हेच लक्षात ठेवा.

तुमच्याकडे बेदाणे असतीलच. त्यांची गोष्ट उलटी आहे, ते कोरडे असतात आणि ब्रेडमधलं पाणी ओढून घेतात, म्हणून कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, पुसून मगच घाला.

प्रश्न: द्राक्षं तर उन्हाळ्यापर्यंतच. बाकीच्या महिन्यांत काय घालायचं? डाळिंब चालेल का?
– वाचक, सटाणा

उत्तर: सटाण्याहून डाळिंबाचा प्रश्न येणारच होता! डाळिंब चालतं, पण भाजून नाही. ओव्हनमध्ये दाणा तपकिरी आणि चामट होतो, बी दाताखाली येते. ब्रेड निवला की वरून दाणे टाका, सोबत भाजलेले तीळ आणि हिरवी मिरची, फार सुंदर लागतं. थंडीत पेरू घ्या, गर बिया काढून फोडी करा, तिखटमीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी निथळा आणि वर लावा, मला स्वतःला हाच सगळ्यात आवडतो. त्याच दिवसांत सुरगाणा-कळवणकडची स्ट्रॉबेरी येते, तिला पाणी फार, तिच्या चकत्या करून अगदी वरच ठेवायच्या, जास्त नकोत. चैत्रात कैरी, किसून, पिळून, कांद्याबरोबर. आंबा मात्र मी ब्रेडमध्ये घालत नाही, भाजल्यावर त्याचा आंबापणाच जातो, कापून शेजारी ठेवा. पावसाळ्यात फार पिकलेली केळी वापरा, एक केळं कुस्करून पिठातच घाला, मग जवस नाही घातलं तरी चालतं आणि दूध दोन-तीन चमचे कमी करा. सीताफळ नको, बिया काढण्यात जीव जातो आणि गर भाजल्यावर काही उरत नाही.

प्रश्न: मला गोड नकोच आहे. वर कांदा, टोमॅटो, मिरची असं पिझ्झासारखं करायचं होतं. कांदा वर जळतो आणि खाली ब्रेड कच्चा, टोमॅटोखाली तर चिखलच.
– कॉलेज रोडवरून, नोकरी करणारी मुलगी

उत्तर: गोड नको असेल तर गूळ एका छोट्या चमच्यावर आणा, बाकी प्रमाण तेच. अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत जुन्या पद्धतीचा कॉर्नब्रेड बिनसाखरेचाच करतात, बिडाच्या तव्यात, आणि त्यात साखर घालावी की नाही यावरून तिथे लोक अजून वाद घालतात. मुळात मक्याची भाकरी-ब्रेड तिथल्या मूळ रहिवाशांची, युरोपातले लोक तिथे पोचायच्या कितीतरी आधीपासूनची. तेव्हा तिखटमिठाचा कॉर्नब्रेड म्हणजे काही उपरा प्रकार नाही, बिनधास्त करा.

कांदा कुठला घेता त्यावर बरंच आहे. पावसाळा संपता संपता येतो तो लाल कांदा पाणीदार असतो, चाळीतला उन्हाळ कांदा कोरडा आणि झणझणीत. या कामाला उन्हाळ कांदा घ्या. पातळ उभा चिरा, मीठ चोळून दहा मिनिटं ठेवा, मुठीत घट्ट पिळा, मग एक चमचा तेल आणि जरा काळा मसाला चोळा. तेल लागलेला कांदा जळत नाही लवकर, कडेने खरपूस होतो. तरीही पहिली पंधरा मिनिटं टिनवर फॉइल सैल ठेवा, छोट्या ओटीजीमध्ये वरची कॉइल फार जवळ असते, शेवटी काढून टाका. हिरवी मिरची, ठेचलेला लसूण, तीळ, कढीपत्ता हे सगळं अर्ध्या वेळानंतर टाका, आधी टाकलं तर लसूण कडू होतो.

टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे बिया आणि रस काढून फक्त भिंती घ्या, किंवा द्राक्षासारखा आधी भाजून घ्या. आणि टोमॅटो आणि द्राक्ष एकाच ब्रेडवर नको, दोन्ही पाणीवाले. द्राक्ष आणि कांदा मात्र एकत्र करून बघाच, वर भरड मिरपूड. निफाडचं द्राक्ष आणि लासलगावचा कांदा, आपल्या जिल्ह्यात दोन्ही दाराशी असताना ही जोडी कुणी करत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: ओव्हन नाही. व्हिगन बटर पण परवडत नाही. होईल का?
– पंचवटी

उत्तर: होईल, आणि बटरची गरजच नाही, शेंगदाणा तेलच या ब्रेडला जास्त शोभतं. सोया दूधही महाग वाटलं तर अर्धा कप शेंगदाणे रात्रभर भिजवून अडीच कप पाण्यात वाटा नि गाळा. बिडाचा खोलगट तवा किंवा बिडाची कढई असेल तर उत्तम, दोन चमचे तेल घालून चांगली तापवा, पीठ ओतताना चर्र आवाज आला पाहिजे, खालची कुरकुरीत साल त्यानेच येते. मग गॅस अगदी बारीक, खाली एक जुना तवा ठेवा, घट्ट झाकण, पस्तीस-चाळीस मिनिटं. झाकणाच्या आतलं पाणी मध्येमध्ये पुसा नाहीतर तेच थेंब परत ब्रेडवर पडतात. वरचा भाग पांढुरका राहील, शेवटी ताटलीवर काढून उलटा करा आणि तव्यावर पाच मिनिटं दुसरी बाजू. या पद्धतीत वर टॉपिंग नको, कांदा-मिरची पिठातच घाला, पिळून.

प्रश्न: माझ्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे, गहू अजिबात चालत नाही. नुसत्या मक्याचा जमेल का?
– नाशिक रोड

उत्तर: जमेल. मक्याचं पीठ दीड कप, तांदळाचं किंवा ज्वारीचं अर्धा कप, जवस दुप्पट आणि एक मोठा चमचा इसबगोल, तो पाणी धरून ठेवतो आणि कापताना तुकडा पडू देत नाही. पीठ थोडं घट्ट होईल, दूध लागेल तसं वाढवा. पण तुमच्यासाठी प्रमाणापेक्षा महत्त्वाचं सांगते, गिरणीतून दळू नका. त्याच जात्यातून आधी कुणाचे तरी गहू गेलेले असतात आणि तेवढंही अशा मुलांना त्रास द्यायला पुरतं. घरच्या घरघंटीवर, ज्यात गहू कधीच दळत नाही अशा, किंवा ग्लुटेनमुक्त लिहिलेलं सीलबंद पीठ. फोडणी करून वर घालत असाल तर हिंगाकडे बघा, बाजारातल्या बहुतेक डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. बेकिंग पावडरचं लेबलही वाचा. टिन, चाळणी, पोळपाट वेगळे असतीलच तुमच्याकडे.

प्रश्न: उरलेला किती दिवस टिकतो, आणि मिसळीबरोबर खाल्ला तर चालेल का?
– इंदिरानगर

उत्तर: मिसळीबरोबर तर खासच! पावाऐवजी घ्या, पण रश्श्यात बुडवून ठेवू नका, मक्याचा तुकडा पटकन विरघळतो. बाजूला ठेवून घासाघासाला लावा. गोडसर द्राक्षाचा नको, कांदा-मिरचीचा घ्या. वरून दही घालायची सवय असेल तर व्हिगन राहणार नाही, शेंगदाण्याच्या दुधाचं दही लावता येतं.

टिकायचं म्हणाल तर फळ नसलेला बाहेर दीड-दोन दिवस, फळ किंवा कांदा असलेला त्याच दिवशी, नाहीतर डब्यात घालून फ्रीजमध्ये, तीन दिवसांत संपवा. फ्रीजमधला थेट खाल्ला तर कोरडा नि दगड लागतो. जाड काप करून तव्यावर तेल सोडून दोन्ही बाजूंनी भाजा, झाकण न ठेवता. मायक्रोवेव्ह नको, आधी मऊ होतो आणि पाच मिनिटांत चिवट.