काकू, यूपीआय सुरू करताय ना? मग एवढं सांभाळा

काकू, घाबरू नका. गावदेवी मंडईत भाजी घेताना क्यूआर स्कॅन करायला पटकन जमेल. फक्त एक पक्कं डोक्यात ठेवा: यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. ‘रिफंड देतो, पिन टाका’ म्हणणारा चोरच. नवखे हमखास इथेच फसतात. स्कॅन केल्यावर जे नाव दिसतं ते भाजीवाल्याला वाचून दाखवा, मगच पिन.

- ओटीपी कुणालाच नाही, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणाला तरी.
- ‘आज रात्री वीज कापणार’ मेसेजमधल्या नंबरवर फोन नको.
- सोसायटीच्या ग्रुपवर आलेली लिंक न वाचता पुढे ढकलू नका. (सुप्रभातची फुलंही जरा बेतानंच!)

टू-स्टेप (म्हणजे दुहेरी पडताळणी) वगैरे नंतर बघू. पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. तडक १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा.