आजी पान कधी उलटते?

प्रिय मुली,

वार्षिकांकासाठी लिहिलेला तुझा निबंध मिळाला. सात पानं, ‘संस्कृती : एक चिंतन’. दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना पाचव्या पानावर थांबले आणि बराच वेळ पुढे जावंसं वाटेना.

तिथे तुझ्या चार ओळी आहेत. गावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण चाललंय. बायकांच्या रांगेत तुझी आजी बसली आहे, पुढ्यात पाट, पाटावर ग्रंथ. आजीला अक्षरओळख नाही. व्यासपीठावरून ओव्या सुरू झाल्या की तिचेही ओठ हलतात, आणि शेजारणीने पान उलटलं की ती आपलं उलटते. ‘एकदा तिच्या हातून दोन पानं एकदम उलटली गेली, तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं,’ असं तू लिहितेस. आणि पुढच्याच वाक्यात ‘अशा प्रकारे परंपरा आणि आधुनिकता यांच्यातील द्वंद्व’ सुरू होतं.

अगं, तिने पाहिलं कसं? ओशाळून? हसून? तू ते पान मागे करून दिलंस का? की न पाहिल्यासारखं केलंस? मला तिथून हलायचंच नव्हतं, आणि तू मला हाताला धरून द्वंद्वाकडे ओढून नेलंस.

आधीची चार पानं वाईट नाहीत. संस्कृतीच्या तीन व्याख्या आहेत, नीत्शे, सार्त्र हे तत्त्वज्ञ आहेत. त्यांना वाचत राहा, ते सोडू नकोस. पण ती पानं तुझ्या वर्गातल्या कुणीही लिहिली असती. आता तर यंत्राला सांगूनही ती लिहून मिळतात. एकदम उलटलेली दोन पानं फक्त तू पाहिलीस. तुझा निबंध तिथे सुरू होतो.

वैयक्तिक लिहिलं तर विचार उणा पडेल अशी भीती तुला वाटत असणार. तुझ्या वयात सगळ्यांनाच वाटते. म्हणून त्या चार ओळींत किती विचार दडलाय ते जरा उकलून दाखवते.

अर्थ न कळता, अक्षर न ओळखता केलेलं वाचन हे वाचन आहे का? हा तुझा प्रश्न. एका बाजूने बघ. गीतेचे सातशे श्लोक संस्कृतात अडकले होते. ते लोकांना आपल्या बोलीत कळावेत म्हणून शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशात सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ पुरा झाला. आणि सातशे वर्षांनंतर एक बाई त्याच ग्रंथापुढे शेजारणीच्या हाताकडे बघत बसते. कुलूप तसंच राहिलं, फक्त दार बदललं. आता दुसऱ्या बाजूने बघ. ओवी मुळात कानाची. तुझ्या आजीने आयुष्यभर कीर्तनं ऐकली, हरिपाठ म्हटला. तिला किती पाठ आहे हे तू तिला कधी विचारलंयस? अक्षरं येणाऱ्या मला बाराव्या अध्यायाच्या वीस ओव्याही सलग म्हणता येत नाहीत. मग आम्हा दोघींत ‘वाचलेली’ कोण?

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. नुसतं ऐकायला बसायला तिला कुणी हरकत घेतली नसती. मग ग्रंथ पुढ्यात का हवा? मला वाटतं, पोथी पुढ्यात घेऊन बसण्याचा मान तिला हवा असेल. हा झाला माझा अंदाज. खरं उत्तर तिच्याजवळ आहे, आणि ती तुझ्या गावच्या घरातच राहते.

ग्रंथ कुणाच्या पुढ्यात असावा, हा आपल्याकडे फार जुना आणि फार जळता प्रश्न आहे. 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात पुण्याच्या एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुक्ता साळवे, जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेतली, मांग समाजातली. ती विचारते: इंग्रजांना धर्मपुस्तक आहे, मुसलमानांना कुराण आहे, ब्राह्मण वेद आपलेच म्हणतात आणि आम्हाला ते पाहायचीही मुभा नाही, तर मग देवा, आमचा धर्म कोणता? धर्म म्हणजे काय याची एकही व्याख्या न देता तिने धर्माचा पायाच तपासला. आणि त्याच निबंधात ती आपल्या बायकांच्या बाळंतपणाबद्दल लिहिते. डोक्यावर छप्पर नाही, थंडी-पाऊस-वारा अंगावर घ्यायचा. तो तपशील काढून बघ. तिचा देवाला विचारलेला प्रश्न किती हलका होतो ते कळेल. विद्यार्थ्याने विचार कसा लिहावा असं मला कुणी विचारलं, तर मी आधी हा निबंध हातात ठेवते.

मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीबरोबर पायी चालल्या, त्यावरचा त्यांचा लेखही मिळवून वाच. वाटेतल्या भक्तीने त्या हेलावतात, आणि ब्राह्मणांच्या व मराठ्यांच्या पंगती वेगळ्या बसतात हेही त्यांना सलत राहतं. दोन्ही एकाच लेखात आहे, एकाने दुसऱ्याला झाकलेलं नाही. ज्या देशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्याही त्यात सापडते. पण ती चालून झाल्यावर हाती आलेली व्याख्या आहे. तू तीन व्याख्या घेऊन घरातून निघालीस.

एक जुनी गोष्ट सांगते, अजून बोचते म्हणून. मी वार्षिकांकाचं काम पाहायला लागले त्या पहिल्या वर्षी एका मुलाने ‘श्रम आणि प्रतिष्ठा’ असा लेख दिला होता. त्यात त्याच्या वडिलांच्या हमालीच्या हुकाबद्दल एक परिच्छेद होता. रात्री तो हूक ते देवघराशेजारी ठेवत. मी तो परिच्छेद ‘विषयांतर’ म्हणून कापला. अंक छापून आला, मुलगा काही बोलला नाही, पुन्हा त्याने कधी लेखही दिला नाही. त्या अंकातलं बाकी काही मला आठवत नाही. तो हूक आठवतो.

भाषेबद्दल थोडंच. ‘परिप्रेक्ष्यात’, ‘अनुषंगाने’, ‘अधोरेखित होते’ हे जिथे जिथे आलंय तिथे मी पेन्सिलीने खूण केली आहे. त्या प्रत्येक जागी तुला नेमकं काय म्हणायचं होतं ते आधी मोठ्याने बोल, मग लिही. अवघड विचाराला मराठी पुरत नाही असं वाटलं तर ज्ञानेश्वरांच्याच ‘अमृतानुभवा’तलं शब्दखंडन हे प्रकरण उघड. शब्दाला अमूर्ताचा आरसा म्हणून गौरवायचं आणि मग त्याच शब्दाचं खंडन करायचं, हे तिथे ओवीत चाललंय. सोपं नाही. हळूहळू वाच, जमलं तर मी सोबत बसेन. आजीचं बोलणं मात्र तिच्याच बोलीत ठेव, शुद्ध करू नकोस. निबंधाच्या शेवटी घातलेली कविता काढून टाक.

अंक प्रेसला जायला अजून तीन आठवडे आहेत. या शनिवारी गावी जा. आजीला विचार, पान उलटताना तुझ्या मनात काय असतं. ती शाळेत का गेली नाही, तिचा भाऊ गेला का, तेही विचार. ती उडवून लावेल, ‘काय बाई विचारतीस’ म्हणेल. तरी जवळ बसून राहा. वही लगेच काढू नकोस.

नवा मजकूर झाला की आधी तिला वाचून दाखव. ती जिथे ‘असं नव्हतं गं’ म्हणेल, तिथे खूण कर, आणि त्या खुणेसकट मला पाठव.